तारीख देवाची, काम आपलं



आपल्या प्रार्थनांना तारखा असतात, हे तुमच्या कधी ध्यानात आलं आहे का? जूनच्या आत हव्या त्या कॉलेजात ॲडमिशन. दिवाळीच्या आत नोकरी. येत्या मे महिन्यात लग्न, आणि लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच पाळणा. रविवारची उपासना संपली की आवारातल्या झाडाखाली आईबाप माझ्यापाशी थांबतात. ‘बाई, पोरासाठी प्रार्थना करा,’ म्हणतात आणि निघता निघता मुदतही सांगून जातात. त्या मुदतीत काम झालं नाही, की पुढच्या खेपेला चेहरा पडलेला असतो. ‘देव आमचं ऐकतच नाही हो.’

शब्बाथ शाळेत पोरांना गोष्टी सांगण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. ज्यांना मी दावीद आणि गल्याथाची गोष्ट सांगितली, ती पोरं आता स्वतः आईबाप झाली आहेत आणि तुमच्यातच बसली आहेत. तेव्हा आज उपदेश नको, जरा मोकळेपणानं बोलू.

जमाना घाईचा आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. किराणा दहा मिनिटांत दारात येतो. पैसे पाठवले की लगेच टुणकन आवाज होतो. रील पहिल्या दोन सेकंदांत आवडली नाही, तर अंगठा वर सरकतो. घाटात ‘अति घाई संकटात नेई’ अशी पाटी असते, ती वाचत वाचत आपण ओव्हरटेक करतो. या सोयींशी माझं भांडण नाही, मीही त्या वापरते. फक्त एवढं होतं, की दहा मिनिटांची सवय लागलेलं मन मुलाकडेही त्याच नजरेनं बघायला लागतं आणि मग देवाकडेही.

सकाळी शाळेच्या वेळचं दृश्य आठवा. व्हॅनवाले काका खाली हॉर्न देत आहेत. पहिलीतलं पोर जिन्याच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधतं आहे. एक फास केला. दुसरा करायला गेलं, तर पहिला सुटला. जीभ दातांत धरून पुन्हा पहिल्यापासून. त्याला जगात त्या क्षणी दोन टोकं आणि एक गाठ एवढंच दिसतं. आपल्याला घड्याळ दिसतं. ‘सोड, मी बांधते,’ म्हणत आपण खाली वाकतो आणि चुटकीसरशी गाठ मारून मोकळे होतो. व्हॅन मिळते. दुसऱ्या दिवशी पोर नाडीला हातच लावत नाही, नुसता पाय पुढे करून बसतं. आणि वर्षभरानं आपणच पाहुण्यांसमोर म्हणतो, ‘एवढा घोडा झाला, अजून नाडी बांधता येत नाही!’ त्याला उशीर का झाला, ते त्या पायरीला ठाऊक आहे.

पोराला कुठंच जायची घाई नव्हती. आपली घाई तरी खरी कुणासाठी असते? फॅमिली ग्रुपवर जावेच्या लेकीचे मार्क येऊन पडतात. सोसायटीतलं कुणाचं पोर पाचव्या वर्षी इंग्रजी कविता म्हणतं. ऑफिसातल्या मित्राचा मुलगा परदेशी जातो. पोटात गोळा उठतो तो तेव्हा. मुलगा होता तिथंच असतो, काल होता तेवढाच हुशार आणि तेवढाच वांड असतो, पण चारचौघांत आपण मागे पडलो असं वाटून आपण त्याला ढकलायला लागतो. मग त्या ढकलण्यात देवालाही सामील करून घ्यायला बघतो. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की मुलासाठी काही मागायला गुडघे टेकलेत, तर आधी स्वतःला विचारा: हे मी याच्यासाठी मागते आहे, की चारचौघांसाठी?

पवित्र शास्त्र या बाबतीत मोठं प्रामाणिक आहे. ज्यांना आपण विश्वासाचे पूर्वज म्हणतो, त्यांच्याच घरातली घाई ते झाकून ठेवत नाही. अब्राहाम ७५ वर्षांचा असताना हारान सोडून निघाला. संततीचं वचन देवानं दिलं होतं. कनानात १० वर्षं गेली, तरी मांडी रिकामीच. सारेला वाटलं, देव बोलला ते खरं, पण आता आपणच काही हालचाल केली पाहिजे. तिनं आपली दासी हागार नवऱ्याला दिली. इश्माएल झाला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता आणि ज्याचं वचन होतं तो इसहाक झाला तेव्हा १०० वर्षांचा. मधली १४ वर्षं त्या घरात काय धुमसत असेल, ते वेगळं सांगायला नको. इसहाकाचं दूध तोडलं त्या दिवशी मोठी मेजवानी झाली आणि तिथंच ते धुमसणं बाहेर पडलं. पुढं एके दिवशी पहाटे हागारेच्या खांद्यावर भाकर आणि पाण्याची मसक देऊन तिला पोरासकट रानात धाडून दिलं. घाई केली मालकिणीनं, घसा कोरडा पडला दासीच्या पोराचा. देवानं त्या पोराचा आवाज ऐकला, आईला विहीर दाखवली, त्याला मोठं केलं, ही देवाची दया. पण घाईचा हिशेब घाई करणाऱ्याकडूनच वसूल होतो असं नाही. तो बहुधा घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाकडून वसूल होतो. आपल्या घरात ते माणूस कोण असतं, सांगा बरं?

दुसरी आई रिबका, इसहाकाची बायको. तिला वाट पाहणं नवीन नव्हतं. लग्नानंतर २० वर्षांनी तिला जुळे झाले. ते पोटात असतानाच देवानं तिला सांगितलं होतं, की थोरला धाकट्याची सेवा करील. म्हणजे तिच्या लाडक्या याकोबाचा वारसा ठरलेलाच होता. इसहाक म्हातारा झाला, डोळ्यांनी दिसेनासं झालं आणि एके दिवशी तिनं ऐकलं, की तो थोरल्या एसावाला आशीर्वाद देणार आहे. एसाव शिकारीला गेला तेवढ्यात तिनं काय काय केलं बघा. कळपातून दोन करडं मागवली. नवऱ्याला आवडे तसं कालवण रांधलं. एसावाचे ठेवणीतले कपडे याकोबाच्या अंगावर चढवले. एसावाचं अंग केसाळ होतं, म्हणून याकोबाच्या हातांना आणि मानेला करडांची कातडी गुंडाळली. वर भाकर आणि ताट हातात देऊन त्याला आंधळ्या बापापुढं उभं केलं.

आशीर्वाद मिळाला. आणि मुलगा गेला. एसाव जिवावर उठला, तेव्हा तिनं याकोबाला आपल्या भावाकडे, लाबानाकडे पाठवलं. थोरल्याचा राग निवेपर्यंत थोडे दिवस, एवढंच तिचं म्हणणं होतं. त्या थोड्या दिवसांची २० वर्षं झाली. याकोब बायका-मुलं आणि कळप घेऊन परतला, त्या कथेत आईची आणि त्याची भेट झाल्याचा एक शब्दही नाही. रिबकेच्या दाईचं, दबोरेचं मरण शास्त्रानं नोंदवलं आहे, तिला कुठल्या झाडाखाली पुरलं तेही सांगितलं आहे. रिबकेच्या मरणाची कथा मात्र कुठंच नाही. जे देव देणारच होता, ते चार दिवस आधी पदरात पाडून घ्यायला तिनं पोटचा पोर गमावला.

मग रिबकेनं हातावर हात धरून बसायला हवं होतं का? मला तसं वाटत नाही. एक गोष्ट तिला सहज करता आली असती. नवऱ्याजवळ बसून, देवानं मला असं सांगितलं होतं, तुम्हाला काय वाटतं, एवढं विचारता आलं असतं. ते तिनं कधी सांगितल्याचं शास्त्रात दिसत नाही. एकाच घरात नवरा एका मुलाचा, बायको दुसऱ्याची, आणि देवाचा शब्द दोघांच्या मध्ये न बोललेला. तुमच्याकडेही असं होतं का ते पाहा. आईनं मनात डॉक्टर ठरवलेला, बापानं मनात इंजिनिअर ठरवलेला, पोराच्या मनात तिसरंच, आणि प्रार्थनेला मात्र तिघं एकत्र. वाट पाहायची असेल तर आधी एकमेकांशी बोला.

आता ज्यांची मुलं अगदी लहान आहेत, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांची वाढ पाहिली होती. आधाराशिवाय चालायला कुणी आठव्या-नवव्या महिन्यात लागलं, तर कुणी सतराव्यात, आणि दोन्ही टोकांची बाळं धडधाकट होती. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला. म्हणजे ज्या वयात आपण पोराच्या हातात पेन्सिल कोंबतो, त्या वयात त्यानं मातीत खेळावं असं सरकारी कागदसुद्धा म्हणतो.

पण एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐका. बाळ दीड वर्षाचं झालं तरी चालत नसेल, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर ‘देवाची वेळ येईल’ म्हणत घरी बसू नका. बालरोगतज्ज्ञांकडे न्या, कान तपासून घ्या. तसंच वयात आलेलं पोर जेवेना, झोपेना, खोलीबाहेर येईना, किंवा जगण्यात राम नाही असं काही बोललं, तर त्या क्षणी हातातलं काम टाकून त्याच्याजवळ बसा. एकट्यानं निस्तरता येत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारचा टेली मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, तो फोनमध्ये घालून ठेवा. डॉक्टरचे हातही देवानंच दिले आहेत. आणि हो, प्रवेशाच्या अर्जाची शेवटची तारीख सरकारची असते, ती पाळायची. फॉर्म भरायचा राहिला आणि मग देवाची इच्छा म्हणून गप्प बसलो, तर तो विश्वास नाही, आळस आहे.

मग वाट पाहणं म्हणजे नेमकं काय करणं? मला या प्रश्नाचं उत्तर हन्नेच्या शिवणात सापडतं. हन्नेला मूल नव्हतं. सवतीचे टोमणे खात ती शिलोच्या मंदिरात इतकी आतून प्रार्थना करत होती, की नुसते ओठ हलताना पाहून एली याजकाला ती प्यालेली वाटली. तिला शमुवेल झाला. दूध तुटल्यावर नवसाप्रमाणे तिनं त्याला मंदिरात नेऊन सोडलं. त्यानंतर आई आणि मुलाची भेट वर्षातून एकदा, यज्ञाच्या वेळी. आणि शास्त्र इथं एक बारीकशी गोष्ट सांगतं, जी वाचताना मी दर वेळी थांबते. दरवर्षी ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून न्यायची.

आता शिवणकाम येणाऱ्या आयांनी जरा कल्पना करा. पोर समोर नाही. माप घ्यायला खांदा नाही, मनगट नाही. गेल्या वर्षी झगा कुठपर्यंत आला होता ते आठवायचं, शेजारच्या त्याच्याएवढ्या पोराकडे बघायचं, आणि अंदाजानं चार बोटं कापड जास्त धरायचं. हन्ना दरवर्षी त्याच्या वाढीवर विश्वास ठेवून कापड कापत होती. पोर तिच्या नजरेआड वाढत होतं, वाढवणारा दुसराच होता. तिच्या हाती त्या वर्षीचा झगा तेवढा होता, आणि तो तिनं एकाही वर्षी चुकवला नाही. पुढं शमुवेल संदेष्टा झाला, त्यानं शौलाला आणि दाविदाला राजपदाचा अभिषेक केला. त्यातलं काही हन्नेनं ठरवलं नव्हतं.

आपलं कामही एवढंच आहे. या वर्षीचा झगा. या वर्षी याला पाढे येत नाहीत, तर रोज संध्याकाळी याच्यासोबत बसायचं. या वर्षी ही उलट बोलते, तर चिडायच्या आधी हिचं ऐकून घ्यायचं. या वर्षी फी जमवायची आहे, तर जमवायची. पुढच्या वर्षीच्या मापाचा झगा आज अंगात घालून पोर अडखळून पडतं, आणि आपण म्हणतो, याला चालता येत नाही.

आणि नासरेथाचं काय? बारा वर्षांचा येशू मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसून प्रश्न विचारत होता आणि ऐकणारे थक्क होत होते. आजच्या एखाद्या आईबापानं दुसऱ्याच दिवशी त्याचं चॅनेल काढलं असतं. मरीया आणि योसेफ त्याला घेऊन नासरेथाला घरी गेले. तो त्यांच्या आज्ञेत राहिला, सुताराच्या घरात मोठा झाला. लूक सांगतो, की त्यानं सेवेला आरंभ केला तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता. मधल्या १८ वर्षांबद्दल शुभवर्तमानं जवळजवळ गप्प आहेत. रंधा, करवत, शब्बाथाला सभास्थान. गावातल्या बायकांनी मरीयेला किती वेळा विचारलं असेल, ‘तिशीला आला गं, अजून काही जमेना का?’ पित्याच्या हिशेबात मात्र त्यातला एक दिवसही वाया गेलेला नव्हता.

ज्यांची मुलं मोठी होऊन हातातून निसटल्यासारखी वाटतात, जी उपासनेला येत नाहीत, ज्यांना घरची प्रार्थना जुनाट वाटते, त्यांच्या आईबापांचं दुःख मी जवळून पाहते. त्यांना मी मोनिकेबद्दल सांगते. उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावची ही बाई. तिचा मुलगा ऑगस्टीन जन्मला ३५४ साली. बुद्धीनं तल्लख, पण तरुणपणी आईचा विश्वास सोडून मानी पंथात गेला आणि नऊएक वर्षं तिथंच रमला. मोनिका रडायची, प्रार्थना करायची. एका बिशपाकडे जाऊन तिनं गळ घातली, की तुम्ही माझ्या मुलाशी वाद घालून त्याला पटवा. त्यानं नकार दिला. तो स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढला होता आणि त्यांचे ग्रंथ वाचता वाचता आपला आपण बाहेर पडला होता. तुझा मुलगा अजून ऐकायच्या स्थितीत नाही, त्याला राहू दे, तू प्रार्थना तेवढी कर, असं त्याचं सांगणं होतं. तरी ती हटेना, तेव्हा तो वैतागलाही.

विरजण लावलेलं पातेलं दर घटकेला हलवून बघितलं, तर दही लागत नाही. त्या बिशपाला हे कळत होतं. आपल्यातल्या कितीतरी आयांना स्वयंपाकघरात कळतं आणि बैठकीच्या खोलीत कळत नाही.

मोनिकेच्या गोष्टीतलं पुढचं वळण तर डोळे उघडणारं आहे. ऑगस्टीनानं रोमला जायचं ठरवलं. आई कार्थेजच्या बंदरापर्यंत मागे आली, त्याला सोडेना. मित्राला निरोप द्यायचा आहे अशी थाप मारून त्यानं तिला जवळच्या एका प्रार्थनास्थळी रात्रभर थांबायला लावलं. मुलगा जाऊ नये म्हणून ती तिथं डोळ्यांतून पाणी काढत प्रार्थना करत होती आणि इकडे जहाज सुटलं. सकाळी किनारा रिकामा. त्या रात्रीची तिची प्रार्थना देवानं सरळ नाकारली. पण त्याच प्रवासानं तो इटलीत गेला, मिलानला पोहोचला, तिथं त्याला बिशप ॲम्ब्रोज भेटला आणि तिथंच त्याचं मन पालटलं. ३८७ सालच्या ईस्टरला ॲम्ब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मोनिका मिलानमध्येच होती. त्याच वर्षी परतीच्या वाटेवर ओस्तियाला, वयाच्या ५६व्या वर्षी ती वारली. ऑगस्टीनानं आपल्या आत्मकथनात हे सगळं लिहून ठेवलं आहे. तो म्हणतो त्याचा मथितार्थ असा, की देवानं तिचं त्या रात्रीचं मागणं बाजूला ठेवलं, कारण तिचं कायमचं मागणं त्याला पुरं करायचं होतं.

आपल्याकडचंही एक उदाहरण फार दूरचं नाही. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. त्यांच्यावर आभाळ कोसळलं. नवराबायकोची ताटातूट झाली. पुढं त्या टिळकांजवळ आल्या, तरी बराच काळ चूल आणि पाणी वेगळं होतं. टिळक स्वभावानं तापट आणि उतावळे, हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. पण बायकोच्या विश्वासाची गाठ त्यांना आपल्या हातानं बांधता आली नाही, आणि ते बरंच झालं. जातीभेद देवानं केला की माणसानं, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच स्वतःला घातला आणि उत्तरही स्वतःच शोधलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत येऊन. म्हणूनच १९१९ साली टिळक गेल्यावरही त्यांचा विश्वास ढळला नाही, आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढं नेण्याचं बळ त्यांच्यात होतं. लादलेला विश्वास लादणारा माणूस असेपर्यंतच टिकतो. पोरांना चर्चच्या बाकावर ओढून बसवताना हे लक्षात असू द्या.

‘बाई, तुम्ही सांगता त्या सगळ्या गोष्टींचा शेवट गोड आहे. आमचा झाला नाही तर?’ असं एका बापानं मला विचारलं होतं. त्याचा प्रश्न रास्त होता आणि मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. मोशे ४० वर्षं लोकांना घेऊन चालला आणि वचनदत्त देश त्यानं नबो डोंगरावरून नुसता पाहिला, पाय काही ठेवला नाही. इब्री लोकांस पत्रातला विश्वासवीरांचा अध्याय काढून वाचा. वचनाची पूर्तता न पाहताच गेलेल्यांची नावं तिथं आदरानं घेतली आहेत. काही प्रार्थनांची उत्तरं आपल्या हयातीत येत नाहीत. काही मुलं आपल्याला हवी तशी होत नाहीत, काही आजार बरे होत नाहीत, काही पाळणे हलत नाहीत. अशा वेळी देवाच्या वेळेवर विश्वास ठेवणं म्हणजे आता सगळं ठीक होणार अशी खात्री बाळगणं नव्हे. ठीक झालं नाही तरी हा माझा देव आणि हे माझं पोर, दोघांनाही मी सोडणार नाही, एवढंच. आणि ज्यांच्या घरी असं दुःख आहे, त्यांच्यापाशी जाऊन ‘देवाची वेळ असते’ असं आपण सांगू नये. ते वाक्य स्वतःला सांगायचं असतं. दुसऱ्याच्या घरी जाताना डबा न्यावा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. मुलं आपण सांगितलेलं थोडं उचलतात, घरातली रीत मात्र पुरती उचलतात. याकोबानं करडांची कातडी पांघरून आंधळ्या बापाला फसवलं. तो स्वतः म्हातारा झाला, तेव्हा त्याच्या मुलांनी आपल्या भावाला, योसेफाला विकून टाकलं आणि त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढं आणून टाकला. त्याच जनावराच्या आडून तोही फसवला गेला. आईनं एका दुपारी शिकवलेली घाई पुढच्या पिढीत अशी पोहोचली.

आपण रेशनच्या रांगेत कसे उभे राहतो, सिग्नलला किती हॉर्न मारतो, हॉटेलात पाणी यायला उशीर झाला तर वेटरशी कसं बोलतो, आजीला औषधाची बाटली उघडायला वेळ लागला तर कसा सुस्कारा टाकतो, हे सगळं पोरं बघत असतात. देवाच्या वेळेवर भरवसा ठेवण्याचं शिक्षण शब्बाथ शाळेत आठवड्याला तासभर होतं. बाकीचा आठवडा ती तुमच्याकडे शिकायला असतात.

आणि एक दिवस आपले हात कापायला लागणार आहेत. चपलेचा पट्टा लावायला आपल्याला वेळ लागेल. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगू. जिना चढताना मध्येच टेकायला बसू. त्या दिवशी आपल्याजवळ उभं असलेलं आपलं मूल घड्याळाकडे बघेल की आपल्याकडे, हे त्या दिवशी ठरत नाही. ते आपण आज त्याच्याशी कसं वागतो त्यावर ठरतं. म्हणून उद्या सकाळी दहा मिनिटं लवकर उठा, आणि नाडी त्याची त्याला बांधू द्या.